पासष्ट शोअर

महाप्याच्या लॅबमध्ये दिवसभर
मी रबराला सुई टोचते.
पंपाची गॅस्केटं, कुकरच्या रिंगा, इंजिनाखालचे बुश.
सुई जेवढी आत जाते तेवढं मऊपण
रजिस्टरात लिहिते: पासष्ट, बहात्तर, ऐंशी.
खाली सही, सहीवर शिक्का.

म्हणून रबाळ्याला, पुलाजवळच्या दुकानात
पर्समधून तेच यंत्र काढलं तेव्हा
काथोर मढवी हसले.
"बाय, टायर हाय तो. पेशंट नाय."

तरी त्यांनी तीन टायर मांडले ओळीने,
एकशे पंच्याण्णव, पंचावन्न, पंधरा इंची.
कडेला कोरलेले आकडे: दोनशे, तीनशे चाळीस, पाचशे.
आकडा लहान, तशी पकड मोठी
आणि आयुष्य तोकडं.
दोन्ही एकदम देणारं रबर
बावीस वर्षांत माझ्या टेबलावर आलेलं नाही.

दोनशेवाल्यात सुई सहज बुडाली.
पण हा तापल्याशिवाय धरत नाही,
आणि कोपरखैरणे ते महापे
सहा किलोमीटर, आठ गतिरोधक,
त्यात काय तापणार? मीच तापते.

"रोज ऑफिस. न शर्यतीला कवा?"
शर्यत नाही हो. वर्षातून दोनदा कोइमतूर.
ह्याच गाडीने जाते, तिथे पळवते,
ह्याच गाडीने परत येते.
मढवी बोटांवर मोजतात.
"म्हंजे साडेतीनशे दिवस त्या मऊ टायरनी
नुसता सिग्नलला उभा रवायचा."

मागच्या वर्षी दोन जोड होते माझ्याकडे.
दुसरा गॅलरीत, ताडपत्रीखाली.
सप्टेंबरात महापालिकेची दोन मुलं आली टॉर्च घेऊन,
टायरच्या पोटातलं पाणी पळीने काढलं
आणि मला दाखवलं: वळवळणारे स्वल्पविराम.
नोटीस आली. सेक्रेटरी टिळेकरांनी ती
लिफ्टमध्ये चिकटवली, फ्लॅट नंबरासकट.
डेंग्यू कोणालाच झाला नाही,
पण पलीकडच्या कुमुदिनीबाई
अजून माझ्या गॅलरीकडे बघूनच खिडकी लावतात.

तेव्हा एकच जोड. एकाच रबराने
सगळं निभवायचं:
पाम बीचवर साचलेलं पाणी, मॉलचा गुळगुळीत उतार,
आणि ते तिसरं वळण.

त्या वळणाचं मुलीलाही नीट सांगता आलेलं नाही.
(ती विचारते, पन्नाशीत हे काय?)
ब्रेक सोडतेस, चाक वळवतेस,
आणि गाडी क्षणभर विचार करते.
जुना पाचशेवाला तिथे आधीच बोंब मारायचा,
अजून कितीतरी धरू शकत असताना.
दोनशेवाला शेवटपर्यंत गप्प.
गप्प, गप्प,
आणि मग मी गवतात, उलट्या तोंडाने,
वायपर आपोआप चालू.

हे ऐकून मढवी पहिल्यांदा गंभीर झाले.
मधल्या टायरवर चापटी मारली, कलिंगडाला मारावी तशी.
"यो घे. यो सुटाच्या आदी बोलतो."

मी सुई टोचली. पासष्ट.
माझ्या रजिस्टरात दिवसाला दहादा येणारा आकडा.
कोणाला सांगावासाही नाही.

जुने चार कोपऱ्यात लोळत होते.
त्यांचं काय? म्हटलं.
"कारंजाला जातील. होड्या जेट्टीला घासतान,
मधी टायर बांधतान."
बरं वाटलं. वळणं संपली त्यांची,
आता नुसते धक्के.

नवं रबर पहिले दोनशे किलोमीटर निसरडं असतं,
साच्याचं तेल अंगावर असतं त्याच्या.
म्हणून घरी चाळिसाने आले,
पाण्याच्या टँकरमागे, ओव्हरटेक न करता.
मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून वाजवून
शेवटी माझ्याकडे वळून बघितलं.

सकाळी लॅबमध्ये कोटाच्या बाहीवर
नव्या टायरचा एक केस सापडला,
साच्याच्या भोकातून उगवलेला, काळा, बोटाच्या पेराएवढा.
यंत्राखाली धरला.
सुई त्याच्यावर टेकेना,
इतका बारीक.
रजिस्टरात काही लिहिलं नाही.