थप्पी क्रमांक सात

किनवटच्या लाकूड डेपोत
निलोफर मॅडमनं बारा बाटल्या टांगल्या.
पाण्याच्याच, पोटाला खिडकी कापलेल्या,
तळाशी साबणाचं पाणी,
वर सुतळीला कुपी.
कुपीत स्पिरिट.
भरायचं काम पोशट्टीकडं,
रात्रपाळीला तोच असतो,
आणि परभणीहून रोज कोण येणार?

कुणी तिला सांगितलं नाही
की पोशट्टीनं सोडून चौदा महिने झालेत.

पहिल्या रात्री त्यानं नाकाला उपरणं गुंडाळलं,
कुपी हातभर लांब धरली,
चिमट्यात विंचू धरावा तशी.

सकाळी बाटलीत भुंगेरे,
मोहरीएवढे, काळपट, तरंगते.
मॅडम मोजायची, वहीत मांडायची.
"झाड तहानलं, मार बसला, की आतून आंबतं, पोशट्टीभाऊ.
तो वास यांना कळतो.
पहिला येतो, साल पोखरतो,
मग स्वतःचा वास सोडतो. या रे, म्हणतो."
"बोलावल्यावर येनारच की."

त्याला गोकुंद्याच्या नाक्यामागची टपरी आठवली.
तिथून कुणी हाक मारत नसे.
वारा तिकडून सुटला तरी
पाय आपसूक वळत.

मग तिनं सालईच्या ओंडक्याची साल उचकटली.
आत मोडी!
बोरू न उचलता लिहिलेली,
मधे एक उभी रेघ, तिला फुटलेल्या शेकडो,
कुणीच कुणाची न ओलांडलेली.
पोशट्टीनं बोट फिरवलं.
भुसा लागला, कणकेसारखा मऊ.

"अन् भरल्यावर?"
"काय भरल्यावर?"
"खोड हो. समदेच आले तर खातील काय?"
तिचा चिमटा हवेतच थांबला.
"मग दुसरा वास सोडतात.
जागा भरली, पुढं जा, असा."

हे त्यानं दिवसभर चघळलं,
तंबाखूसारखं, दाढेखाली धरून.

दुसऱ्या दिवशी वहीत
अकरा बाटल्यांपुढं आकडे,
सातव्या थप्पीपाशी शून्य.
कुपी कोरडी.
मॅडमनं कुपी पाहिली, मग त्याच्याकडं पाहिलं.
तो डोळे न चुकवता म्हणाला,
"तिथं जागा भरली, मॅडम."

थप्पीखालची माती
ओंजळभर ओली होती. तिनं ती पाहिली की नाही,
कोण जाणे. शून्य मात्र खोडलं नाही.

दुपारी त्या ओलीवर एक भुंगेरा घिरट्या घालत होता.
पोशट्टीनं टोपी काढली,
हळूच वारा घातला.
"जा बाबा," म्हणाला,
"जा पुढं."