उतार

रुवैसची ज्वाला क्षितिजाआड जायला
तीन तास गाडी हाकावी लागली.
अल क्वाच्या वाळूत तिपाई रुतवली,
कॅमेरा ययातीकडे,
तीस-तीस सेकंदांचे घास.

उंटांमागून मुरादबख्श आला.
"दुमदार तारा?"
नाही. हा अलगोल.
दर दोन दिवस, वीस तास, एकोणपन्नास मिनिटांनी
मलूल पडतो.
"बीमार?"
जोडीदार आड येतो त्याचा.

यावर तो काही बोलला नाही.
थर्मासच्या झाकणात मला चहा दिला
आणि बसून राहिला,
घरात कुणी तापानं फणफणलंय
तसा.

दोन-चाळीसला आलेखातले ठिपके
थबकले,
मग एकेक वर चढू लागले.
"उतार पडला," मी म्हणालो.

त्यानं गुडघ्यांवरची वाळू झटकली
आणि उंट मोजायला गेला.