जवळ म्हणजे किती

सँ-नाझेरला, धुलाईघराच्या वरच्या खोलीत,
दर गुरुवारी संध्याकाळी सहाला.
खाली कपड्यांचे ड्रम गरगरत असतात
त्यामुळे फळा बारीक थरथरतो,
आणि ओदील ग्विवार्कची अक्षरं
थंडीत रांगेला उभी राहिल्यासारखी दिसतात.

आज भविष्यकाळ. लांबचा नाही, जवळचा.
सोपा आहे, ती म्हणते.
बत्तीस वर्षं जकातीत शिक्के मारले तिनं,
आता निवृत्तीनंतर क्रियापदं तपासते.
पुढे ‘जाणे’ लावा,
मागे हवं ते क्रियापद ठेवा, जसं मिळेल तसं, न वाकवता.
वाकायचं ते जाण्यानंच.

ज व्हे. त्यू व्हा. इल व्हा.
नू झालों. व्हू झाले.
इल व्हों.

मागच्या बाकावर मी दचकतो.
नू झालों म्हणजे आम्ही जाणार आहोत,
आणि माझ्या मराठी कानात
आम्ही केव्हाच होऊन गेलेलो असतो.

झुराबला वेगळीच शंका.
दिवसभर तो जहाजांचे तळ रंगवतो, नखांच्या कडांना लाल असतं.
मी, तू, तो आणि ते, हे चौघे एका वळणाचे,
आणि आपण, तुम्ही वेगळ्याच घरातले. असं का?
‘पाठ करा,’ ओदील म्हणते.

मग हाब्तोम विचारतो, जवळ म्हणजे किती?
ती खिडकीकडे बोट करते: तो ढग बघ. पडणार आहे.
मग झर्मीनाच्या पोटाकडे: हे बघ. होणार आहे.
सगळे हसतात, झर्मीना सगळ्यांत जास्त,
आणि ते क्रियापद फळ्यावर लिहून मागते,
दवाखान्यात लागेल म्हणून.
हाब्तोम हसत नाही.
‘मला प्रेफेक्त्यूरचं पत्र येणार आहे.
एकोणीस महिने येणार आहे.
हे जवळचं का लांबचं?’
‘ढग दिसतोय का तुला?’
‘रोज.’
‘मग जवळचं,’ ती म्हणते,
आणि खडूचे हात स्कर्टला पुसत राहते, गरजेपेक्षा जास्त वेळ.

शेवटी नकार.
‘जाणे’च्या अलीकडे एक खुंट, पलीकडे एक:
ज न व्हे पा रान्त्रे.
मी घरी परतणार नाही.
पण नीट पाहिलं तर अडवलंय फक्त जाण्याला,
परतणं कुंपणाबाहेर उभं आहे,
सबंध, कुणी हात न लावलेलं.
हाब्तोमनं ते वाक्य वहीत दोनदा उतरवलं.

पुढच्या गुरुवारी त्याची खुर्ची रिकामी.
त्याच्या पुढच्या गुरुवारीही.
झुराब म्हणाला: इल व्हा रव्हनीर. येणार आहे तो.
व्याकरण चोख होतं.
ओदील फळ्याकडे वळली, लिहिलं: इल व्हा
आणि थांबली.
दुसराही एक भविष्यकाळ आहे, साठाव्या पानावर,
त्यात जाणं नसतं, ढग नसतो, नुसतं कधीतरी असतं.
तो अजून आम्हाला शिकवलेला नव्हता.
खालचा ड्रम फिरायचा थांबला.
पहिल्यांदाच फळा अगदी स्थिर होता
आणि त्यावर दोनच शब्द.

मला जिना आठवला, त्या दिवशीचा.
माझ्या भाषेत निघताना ‘येतो’ म्हणतात,
‘जातो’ म्हटलं तर आतून कुणीतरी ओरडतं.
हाब्तोम दारात वळून म्हणाला होता: ज व्हे.
एवढंच. पुढे काही न लावता.
‘काय करायला?’ ओदील वह्या गोळा करता करता म्हणाली,
‘वाक्य पुरं कर.’
तो हसला,
टोपी कानांवर ओढली,
आणि पाऊस यायच्या आत
खाली उतरला.