सात-एक

एप्रिलची रात्र. बाहेरच्या भिंतीला हात लावला
तर तवा अजून निवायचाय.
आत, अक्कलकोट रोडच्या बर्फ कारखान्यात,
आम्ही तिघं, पायात गमबूट, खांद्यावर पोतं,
आणि मिठाच्या पाण्याच्या टाकीवर टेकवलेला
अंबादास कोडमचा तडकलेला मोबाईल.

"भारत खेळायलाय बे."
"कुठं?"
"बर्फावर."
इराप्पा हसला. बर्फावर आपण रोजच खेळतो की,
तीस वर्षं झाली, कप कुणी दिला नाही.

पोरी होत्या. डोक्यावर टोप, तोंडावर जाळी,
पायाला सुऱ्या बांधून पळायलत्या.
अंबादास नावं वाचत होता. घरात तेलुगू बोलतो,
त्यामुळं प्रत्येक नावाला शेवटी उकार लागतो.
रिग्झिनची रिग्झिनु झाली, आणि पाच मिनिटांत
ती साखर पेठेतलीच कुणीतरी वाटायला लागली.

त्यांच्या गावाला म्हणे तळं गोठतं,
त्यावरच शिकल्या, बापाच्या जुन्या बुटाला पातं ठोकून.
आमच्या सिद्धेश्वराच्या तळ्यावर
गड्ड्याच्या दिवसांत फार तर धुकं बसतं.
तेवढ्यावर आम्ही कानटोप्या घेतो.

पहिला गोल बसला. दुसरा बसला.
चौथ्याला इराप्पा उठला,
कॉम्प्रेसरला तेल घालून आला.
पाचव्याला कुणी काही बोललं नाही.
अमोनियाचा वास तेवढा जरा जास्त आला.

मी गोलकीपरकडं बघत होतो.
ती गुडघ्यावर आपटायची, बरगडीवर आपटायची.
बर्फावर पडलेल्या माणसाला
आधी आवाज ऐकू येतो, मग दुखतं.
मला माहीत आहे, माझं मनगट
त्याच दोन गोष्टींच्या मधे मोडलंय.
ती त्या मधल्या फटीतच उठून उभी राहायची.
परत.
सहावा गेला तरी उभी.

तीन मिनिटं उरली होती.
चौदा नंबरची बुटकी पोरगी
चकती घेऊन सुटली, एकटीच,
समोर त्यांच्या दोन धिप्पाड बाया,
आणि नेमकं तेव्हा
मोबाईलवर ते गोल चाक फिरायला लागलं.

फिरतंय. फिरतंय.
इराप्पानं मोबाईलला थापटलं, म्हैस थापटावी तसं.

चित्र आलं तेव्हा पोरी
एकमेकींच्या गळ्यात पडून रडायलत्या.
कोपऱ्यात लिहिलेलं: सहा-एक.

आता गोल झाला कसा?
अंबादास म्हणाला, डावीकडनं. मी म्हणालो, दोघींच्या मधनं.
भांडण लागलं. मग इराप्पा,
वय पंचावन्न, दोन्ही गुडघ्यांत कुरकुर,
दोन रिकाम्या डब्यांच्या मधे जाऊन उभा राहिला.
"मार दस्तगीर. दाखव कसं ते."

लादी ओढायचा आकडा मी उलटा धरला.
एका लादीचा कोपरा फोडला, मूठभर,
आणि ओल्या फरशीवरनं सोडला.
तो इराप्पाच्या बुटाला लागून
डब्याच्या आत गेला का बाहेर,
यावर आज महिना झाला तरी एकमत नाही.

तेवढ्यात तिकडं सातवाही बसला होता.
तो कुणीच बघितला नाही,
म्हणून आम्ही तो धरत नाही.

पहाटे फाटकाशी गाडे लागले.
रसवाला काळप्पा नेहमीसारखा पहिला.
लादी पोत्यात गुंडाळता गुंडाळता थांबला,
बोट फिरवून बघितलं:
"कोपरा तुटलाय ओ हिचा."

"तुटला नाय," इराप्पा म्हणाला, "गोल झालाय."

काळप्पानं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.
रात्रपाळीची माणसं, बोलत असतील काहीतरी.
आणि मोजून
दहा रुपये कमी दिले.