बाकीचा रकाना

वही अब्बांच्या मटणाच्या दुकानातली.
लाल पुठ्ठ्याची, आडवी, रकाने छापूनच आलेली :
तारीख, नाव, वजन, दर, बाकी.
नवी आणू, म्हणालं कुणीतरी.
कुणी आणायची यावर वाद झाला असता,
म्हणून हीच राहिली.

न्यूपोर्टच्या गोदीमागे मशिदी तीन,
आणि ईदचा चंद्र तिघींना वेगवेगळ्या रात्री दिसतो.
येमेनी खलाशांची सर्वांत जुनी,
आम्हा सिल्हेटवाल्यांची दुमजली,
सोमालींची टायरच्या गोदामात.
तीस वर्षं कुणी कुणाच्या चपलांशेजारी
चपला काढल्या नव्हत्या.
मयत सोडून.

मग पोलीस चौकीतली बाई गोड आवाजात म्हणाली,
"तुमच्या भागातून वर्षभरात दोनच तक्रारी."
सालेह मुसन्ना हसले, दात नसलेलं हसू.
म्हणाले, तेवढ्या तर मी
एका मंगळवारी गिळतो.

म्हणून मंगळवार.
एमिनाच्या लाँड्रीत बसतो आम्ही,
यंत्रांच्या घरघरीत कुणाचं रडू रस्त्यावर जात नाही.
माझं अक्षर बरं, म्हणून पेन माझ्याकडे.

इल्हाम. बसस्टॉपवर मागून रुमाल ओढला,
पिन मानेत गेली.
वजनाच्या रकान्यात काय लिहू?
"पिनेएवढं," ती म्हणाली.

जुनी मशीद. दाराच्या कडीला सॉसेजची माळ.
सालेहनी ती पिशवीत भरली, दगडावर पाणी मारलं,
फज्रची अजान अडीच मिनिटं उशिरा झाली.
माळेचं राहू दे, म्हणाले,
उशीर लिही.

रिदवान, वय सात.
वर्गातली मुलं म्हणाली, तू आपल्या घरी जा.
हा म्हणाला, अजून घंटा कुठे झाली?

हसलो आम्ही. त्याची आई नाही हसली.

फेब्रुवारीत सहरा वर्सामे आली,
रात्रपाळी करून, नर्सचे बूट अजून पायात.
सगळी पानं उभ्याने वाचली.
म्हणाली, छान. आता हेही लिहा,
माझ्या भावाचं स्थळ आलं तेव्हा
तुमच्या घरात आम्हाला काय म्हणाले.
एक यंत्र थांबलं, दुसरं थांबलं.
अब्बा जिन्याकडे बघत होते.
त्यांनीच म्हटलेला शब्द. मी पडद्यामागून ऐकलेला.

मी लिहिला.
नाव : लुत्फुर मिया.
अक्षर बरं आलं नाही त्या ओळीचं.
पुढच्या मंगळवारी अब्बा येणार नाहीत असं वाटलं होतं.
आले. सहराच्या शेजारची खुर्ची रिकामी होती,
तीवर बसले. बोलले काहीच नाहीत,
थर्मासचं झाकण मात्र
तिच्यासाठी उघडून ठेवलं.

जूनपर्यंत एकशे एक्केचाळीस ओळी.
चौकीतल्या बाईने वही हातात घेतली,
नाकाजवळ नेली, म्हणाली, मटणाचा वास येतो.
येणारच, म्हणाले सालेह, वाचा.
ती वाचत गेली. चहा निवला तिचा.
आता ती शाळेत येते, बसच्या डेपोत येते आमच्याबरोबर,
आणि कधी येत नाही, मग आम्ही फोन करकरून जीव नकोसा करतो.
चंद्राचं अजून जमलेलं नाही.

आणि काल,
ओली दुलई घेऊन आलेली एक म्हातारी वेल्श बाई,
कोपऱ्यात सुट्टी नाणी मोजत बसलेली,
एकदम आमच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.
"त्या बसस्टॉपवर मी होते," म्हणाली,
"त्या मुलीची पिन मी पाहिली.
काही बोलले नाही.
हे लिहिता येतं का?"

इल्हामने माझ्याकडे पाहिलं.
मी वही फिरवून तिच्याकडे सरकवली, पेन दिलं.
कुठला रकाना, ते सांगितलं नाही.
ती पर्समध्ये चष्मा शोधत होती, बराच वेळ शोधत होती,
आणि काचेआड तिची दुलई
गोल गोल फिरत होती.