शिवणीचा शेजार

लुआमनं माझी पट्टी प्रेसमध्ये लावली,
दांडा ओढला.
काटा चढत गेला, थबकला, आणि खाड्.
वाकून पाहिलं तर
शिवण जशीच्या तशी,
नाण्यांची चळत आडवी पाडावी तशी, देखणी.
फाटला होता शेजार.
बोटभर पलीकडचा धातू,
ज्याला मी हातही लावला नव्हता,
नुसती धग लागली होती.

चौतीस वर्षं, लुआम.
या धक्क्यावरच्या निम्म्या बोटी
माझ्या डोळ्यांतून गेल्यात.
रात्री पापण्यांत वाळू खुपायची,
गुड्वेग कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवायची वर.
कुणी सांगितलं नाही
की जोडताना आजूबाजूचं सगळं
आतल्या आत मऊ पडतं
आणि वरून चकाकत राहतं.
सांगितलंही असेल.
मुखवट्याच्या आत ऐकू कमी येतं.

"आता माझी रीत," ती म्हणाली.
अस्मारात जन्मलेली ही पोर
आमच्या बेटाचे हेल काढून बोलते,
आणि आधी पुसायला लावते.
एकाच दिशेनं. फडकं परत फिरवायचं नाही.
मग घासायचं,
कारण ॲल्युमिनियमवर साय धरते,
दुधावर धरते तशी, फक्त दिसत नाही.
मग, "बोट लावू नकोस!"
मी हात मागे घेतला.
हात लावूनच तर ओळखत आलो होतो सगळं.

गोंद करडा.
दोन नळ्यांतून येतो, एका चोचीत कालवला जातो.
त्यात काचेचे मणी, खसखशीहून बारीक.
"हे कशाला?"
"दाबताना दोघं अगदीच भिडू नयेत म्हणून.
सगळा गोंद बाहेर पळाला
तर धरून ठेवायला मध्ये काही उरत नाही."

"आणि गोंदावर एवढा विश्वास, तर बोल्ट का?"
"ताण तो सोसतो. सरकणं सोसतो.
पण कडेला एक नख शिरलं
की डब्याच्या झाकणासारखा सोलत जातो.
बोल्ट तिथं आडवा येतो."
प्रत्येक बोल्टाला तिनं नायलॉनचं झबलं घातलं.
खाऱ्या हवेत पोलाद शेजाऱ्याला खातं
हे मात्र मला माहीत होतं.

रुग्णबोटीची केबिन. फेब्रुवारी, बाहेर उणे सात.
गोंदाला रात्रभर वीस अंश हवेत.
मी म्हटलं, मी बसतो.
घरची लोकरी पांघरुणं आणली, हीटर लावला.
करायला काहीच नव्हतं.
माझा जोड ज्योत विझली की झालेला असायचा;
हा अंधारात, माझ्यावाचून,
आपला आपण होत होता.

तीनच्या सुमारास आयविंद आठवला.
त्याच्यावर मी कधी हात उगारला नाही.
एकदाही नाही.
फोन काढला, त्याचं नाव उजळलं,
बोट लावलं नाही.

सकाळी पांघरूण सारून
पत्र्यावर पेराची टिचकी मारली.
नाणं खणखणलं तर खरं.
हा पत्रा फक्त ठक्क म्हणाला,
एकटा नसल्यासारखा.

लुआम आली, बूट झटकत.
चिमटे काढले.
"शेवटचे बोल्ट तू आवळ," म्हणाली,
आणि टॉर्क पाना पुढे केला.
"टक् वाजलं की थांब."

मी आवळला.
टक्.
मनगट अजून फिरायला बघत होतं.