बोलायची चोरी

माहं काम आवाज वाढवायचं.
लग्न, तेरवी, नवरात्रातली देवी, पोलिओचा डोस.
काटेकर साउंड सर्विस, दोन भोंगे, एक जुना ॲम्प्लिफायर,
त्याचं एक बटन ढिलं,
त्याले काडीपेटीची काडी खोचेल.

फेब्रुवारीत पऱ्हाटी उपटून झाली
का सीतारामच्या वावरात टेनिस बॉलचे सामने.
पयलं बक्षीस बोकड, चिंचेले बांधेल.
कॉमेंट्रीले रमण निखाडे.
असा बोलणारा पंचक्रोशीत नाही,
बोंडअळीवरही हासवते माणसाले.

बेड्यावरच्या ओंकेश पवारनं लागोपाठ तिसरी दांडी उडवली
आन् रमण माइकात ते म्हणाला.
एक शब्द. त्याच्यामांगं हाताच्या सफाईचं काहीतरी.
मैदान हासलं.
मीही हासलो असन. आठवत नाही.
आठवते एवढंच का माहा हात बटनावर होता.
भोंगे चांगले होते,
नदीपल्याड टाकळीपर्यंत ऐकू गेलं.

ओव्हरचे तीन चेंडू बाकी होते.
त्यानं ते टाकले.
मंग पायातले बूट काढले, मागून आणेल होते,
ज्याचे त्याले देल्ले
आन् पांदणीनं निंघून गेला, अनवाणी.

आठ दिवस पानठेल्यावर खर्रा घोटता घोटता
एकच गोष्ट.
कोणी म्हणे, मजाक होती.
कोणी म्हणे, देश स्वतंत्र हाये, जीभ ज्याची त्याची.
पेन्शनर गुरुजी म्हणे, जीभ त्याची, पण कान कोणाचे?
म्हातारा दौलत म्हणे, अरे, हा शब्द त
माही माय मले निजवाले म्हणे,
नाही निजला त तो येईन, पोत्यात घालून नेईन.
त्याच्यावर कोणी बोललं नाही.
साऱ्यायच्याच माया तेच म्हणत.

ग्रामसभेत ओंकेशची बहीण आली, रेशमी,
आश्रमशाळेत शिकवते.
म्हणाली, तक्रार लिहा.
ग्रामसेवकानं लिहिलं, 'अपशब्द वापरला.'
"कोणता? शब्द लिहा."
त्यानं पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.
"मॅडम, रजिस्टर वर जाते. असं लिहिता येत नाही."
"नदीपल्याड ऐकू गेलं," ती म्हणाली,
"आन् एका ओळीत मावत नाही?"
पंखा फिरत राह्यला.
जागा सोडली तेवढी.
अजून कोरीच हाये.

रमणले त्यानंतर कोणी माइक देल्ला नाही.
शाळेनं स्नेहसंमेलनाले दुसरा पाह्यला.
चार पोट्ट्यायनं त्याच्या बाजूनं बॅनर लावला,
तो वाऱ्यानं फाटला, पुन्हा कोणी बांधला नाही.
माह्या दुकानात येऊन बसे, स्टुलावर,
मी सोल्डर करत राहो.
एक दिवस म्हणाला, एका शब्दापायी एवढी सजा?
आता त बाप्पा, बोलायचीही चोरी झाली.
आन् थांबला.
चोरी, हा शब्द त्याच्याच तोंडात राह्यला,
गिळताही येईना, थुकताही येईना.
मले त्याची कीव आली. खोटं काहून बोलू.
दोन लेकरं हायेत त्याले.
कीव आली याचा रागही आला,
तो कोणावर काढावा ते समजलं नाही.

परवा बेड्यावर लगन होतं.
भोंगे लावाले गेलो. कडुनिंबाले एक, खांबाले एक.
ओंकेशनं माइक घेतला,
फुंकून पाह्यला,
माह्याकडं पाहून म्हणाला, वाढव.
मी काडी सरकवली, वाढवला.
अजून, म्हणाला.
छाती धडधडली माही. आता हा काय बोलते.

"पंगत बसून राह्यली. साऱ्यायनं जेवाले या."

एवढंच. दोनदा.
टाकळीपर्यंत गेलं असन.
कोण आलं, कोण नाही, मी मोजलं नाही.
मी वायर गुंडाळाले घेतली होती,
हातात तसाच धरून उभा राह्यलो जरा वेळ,
मंग ठेवून देल्ली.